बारा वर्षांची पावणी

९ जानेवारी, गुरुवार

आली एकदाची. आनेका. हॉलंडची, वय असेल तिशीचं, उंची दाराएवढी. सरांनी ऑफिसात सगळ्यांना उभं करून ओळख करून दिली. माझी ओळख: "या शुभांगीताई. आजऱ्याचं काम या बघतात."

बघतात! आजऱ्याच्या पलीकडच्या त्या वाडीत काजू फोडणाऱ्या बायांसाठी बारा वर्षं झिजले. गट उभा केला, त्यांची स्वतःची शेड उभी केली, तहसीलच्या पायऱ्या घासल्या. आणि मी 'बघते'. खिडकीतून बघते का?

तिची ओळख मात्र लांबलचक. कुठं शिकली, कुठल्या कुठल्या देशात काम केलं. शेवटी टाळ्या. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत टाळ्या वाजल्या की खालचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन वर बघतो. आजही बघितलं.

ती आता आमच्यासोबत. तिकडची संस्था आपल्या कामाला मदत करते, तेव्हा माणूसही तिकडचं. मी दुभाषी. म्हणजे ती बोलणार आणि मी तिचं तोंड.

घरी नवऱ्याला सांगितलं, वि. ला. क्लासच्या पोरांचे गणिताचे पेपर तपासत होता. म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस." मी म्हटलं, मला काही फरक पडत नाही. "पडत नाही ना? मग चहा टाक."

१५ जानेवारी, बुधवार. कर.

करीच्या दिवशी नवीन काम काढू नये म्हणतात. सरांना सांगून बघितलं, हसले. निघालो. सकाळची एसटी, गडहिंग्लजला चहा, आजऱ्यातून वडापची जीप. आनेका वाटभर सगळं बघत होती आणि मी तिला.

गोदाक्काच्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत, नेहमीप्रमाणे खुर्ची मांडलेली. माझी खुर्ची. त्यावर धुतलेला टॉवेल. गोदाक्का म्हणजे गटाची म्होरकी. साठी ओलांडली, पण आवाज असा की पलीकडच्या वाडीला निरोप द्यायला फोन लागत नाही.

कर म्हटल्यावर गावठी कोंबडं आलंच. मी येणार म्हटलं की बायांचं आधीच ठरलेलं असतं, कुणाच्या घरी जेवण, काय करायचं. बारा वर्षांत या वाडीतून मी कधी उपाशी आले नाही. सरांना तरी कुणी असा रस्सा वाढलाय का? मी हेच माझं प्रमाणपत्र समजते.

आणि ही बया पिशवीतून डबा काढते. आत ब्रेड. मला इंग्रजीत म्हणाली, यांना सांग, मला यांच्यावर भार टाकायचा नाही. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे.

मी सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहिते, निदान इथं तरी खरं लिहावं. मी म्हटलं, "त्यांना आपल्या हातचं चालत नाही."

सारिका, गोदाक्काची सून, वाढता वाढता थांबली. 'हातचं चालत नाही' म्हटल्यावर आपल्याकडं माणसाच्या मनात काय काय येतं ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. आनेका बिचारी सगळ्यांकडं बघून हसत होती.

परतताना एसटीत झोप छान लागली.

२४ जानेवारी, शुक्रवार

झोप गेली.

आज पोचलो तर गोदाक्का उंबऱ्यातच उभी. कमरेवर हात. "हातचं चालत न्हाय म्हंजे? बघूया की कसं चालत न्हाय ते." आनेकाचं मनगट धरलं आणि तिला आत घेऊन गेली. थेट चुलीपाशी. मला सारिकानं खुर्ची दिली.

सोप्यातून आतलं अर्धंच दिसतं. तेवढं पुरलं. गोदाक्कानं हिचा डबा उघडला, ब्रेडचा वास घेतला, अर्धा मोडून तोंडात टाकला. "मऊ हाय. माझ्या दाताला बरं." मग तव्यावरची नाचणीची भाकरी मोडून अर्धी हिच्या हातात, वर खर्डा. "तुझं अर्धं मी खाल्लं, माझं अर्धं तू खा. फिट्टंफाट." कुणी दुभाष्याला हाक मारली नाही. खर्डा जिभेला लागला तशी आनेकाच्या नाकाडोळ्यांतून पाणी, आतल्या बाया हसून हसून भिंतीला टेकलेल्या. कुणीतरी तिच्या पाठीत धपका घातला. "ए आनी, पाणी पी गं."

गं.

मी बाहेर. ताटात मोठे मोठे पीस, वाटीत रस्सा, कडेला कांदा-लिंबू. समोर सारिका पदर सावरून उभी. "घ्या की ताई अजून." घेतलं. पंखा नव्हता म्हणून तिनं पुठ्ठ्यानं वारा घातला.

वाटेत विचारलं, तुझ्या नियमाचं काय झालं? म्हणाली, घेतलं कुठं, अदलाबदल केली. हुशार आहे. माझ्याच खोट्यानं तिला चुलीपर्यंत नेऊन बसवलं, हे तिला कधी कळू नये.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज दिवसभर शेडवर. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बाया हाताला राख चोळून फोडायला बसतात. तरी बोटं काळी पडतातच, आणि तो काळेपणा साबणानं जात नाही. आनेका राख चोळून त्यांच्या रांगेत बसली. तिला काही धड येत नव्हतं. दहातले निम्मे काजू चुरा. गोदाक्का ओरडली, "आनी, गिऱ्हाईक पळवून लावतीस काय!" आनेकाला कळलं काय कोण जाणे, हसली आणि दुसरा घेतला.

मीही राखेकडं हात नेला. तीन बाया एकदम उठल्या. "तुमी नगा ताई. हात खराब हुतील."

आनेका संध्याकाळी स्टँडवर आपली काळी बोटं अशी धरून बघत होती, हातावर मेंदी काढल्यासारखी. सरांनी तिच्या बोटांचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मीही जोडले, न जोडून सांगते कुणाला.

घरी आल्यावर भांडी घासताना माझे हात बघितले. गोरे, स्वच्छ, नखं कापलेली. एकदम राग आला त्यांचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्पष्टच लिहिते. मी जळते तिच्यावर.

तिच्या पगारावर नाही, पासपोर्टवर नाही. सर तिचं ऐकतात त्याचंही मला फार नाही, सर कुणाही नव्याचं ऐकतात. मला त्या अर्ध्या भाकरीचं दुखतं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईनं नाचणीच्या कोरड्या भाकरीवर जळावं, तेही कोंबडीचा रस्सा पोटात असताना.

वि. ला अर्धवट सांगितलं. म्हणाला, "तुला एवढं वाटतं तर आपण घरी करू की नाचणीची भाकरी." बोलण्यात अर्थ नाही.

आणि आज सरांनी बाँब टाकला. पुढच्या टप्प्याचं काम लांबचं, काही वर्षांचं. वाडीत बायांसोबत कोणी काम करायचं ते या वेळी आपण ठरवायचं नाही, बाया ठरवतील. तिकडच्या संस्थेचा आग्रह. नावं दोन, मी आणि आनेका. आनेका राहायला तयार आहे. ज्या बाईला तिच्या देशात घर आहे, आईबाप आहेत, सायकल आहे, ती म्हणे आजऱ्यात राहायला तयार आहे.

"तुझी निवड झाली नाही तर कळंब्याला काम आहेच," सर म्हणाले. कळंब्याला तुरुंगातल्या कैद्यांच्या बायकामुलांसाठी नवीन सुरू करतोय. घरापासून रिक्षाच्या अंतरावर. माझ्या सोयीचं आहे, असं दोनदा म्हणाले. माणूस सोय काढायला लागला की समजावं.

मला आजरा हवाय. आजरा माझा आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आनेका रडली. माझ्यापुढं.

ऑफिस सुटल्यावर म्हणाली, मिसळ खायला जाऊ. राजारामपुरीतच गेलो. पहिल्या घासाला रडली तेव्हा मला वाटलं तिखटानं. पण नव्हतं तसं. म्हणाली, त्या मला गंभीरपणे घेत नाहीत. भांडी घासायला लावतात, पोरं सांभाळायला देतात, मी बैठकीत काही विचारलं तर हसतात. तू आलीस की सगळ्या गप्प बसून ऐकतात. तुला खुर्ची देतात. मला एकदाही खुर्ची दिली नाही.

चणे आहेत तर दात नाहीत, दात आहेत तर चणे नाहीत. तिला सांगावंसं वाटलं, की बाई गं, तुला काय दिलंय ते तुला कळत नाही. आपल्याकडं परक्याला खुर्ची देतात आणि घरच्या पोरीला भांडी. पण का सांगू? तिला कळलं असतं तर ती सुखी झाली असती. मी म्हटलं, होतं असं सुरुवातीला, हळूहळू देतील खुर्ची.

मिसळीचं बिल तिनं दिलं. मी देऊ दिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज एकटीच वाडीला गेले. मुद्दाम. पोचल्या पोचल्या चपला काढून सरळ आत शिरले, चुलीपाशी. काय करायचं ते ठरवलं नव्हतं, नुसतं टेकायचं होतं.

सारिका घाबरलीच. "अगंबाई ताई, इकडं कुठं? धूर हाय, साडी खराब हुईल." कोपऱ्यातली भांडी तिनं पदरानं झाकल्यासारखी केली. दोरीवरचं काहीतरी ओढून पाठीमागं लपवलं. मग गोदाक्का आली. "तुमी बसा सोप्यात, आलोच की." मी म्हटलं, मी बसते ना इथंच. "नगा. बरं दिसत न्हाय."

खुर्ची. टॉवेल. पुठ्ठ्याचा वारा. कधी नव्हे तो रस्सा नकोसा झाला. पण ताटात टाकायचं कसं, सारिका समोर उभी. सगळं संपवलं. "आवडलं न्हवं ताई?" "फार छान झालंय गं." मी तिला 'गं' म्हणते, मी म्हटलेलं चालतं.

निघताना बांधून दिलेला घनसाळ तांदूळ, एक नारळ. आनेकाला कधी काही बांधून देत नाहीत. मागं एकदा तिला नुसतं म्हणाल्या, "येताना चाफळकराच्या दुकानातनं काडेपेटी आण."

२६ फेब्रुवारी, बुधवार

वाईट वागले. लिहून ठेवते.

बायांची निवड येत्या सोमवारी. आज ऑफिसात कुणी नव्हतं, वाडीतल्या चौघींना फोन केले. सहजच केल्यासारखे. एकीच्या मुलाच्या कोल्हापुरातल्या वसतिगृहाची चौकशी केली, जिथं मी त्याला लावून दिलं होतं. एकीला तिच्या नवऱ्याच्या दवाखान्याची आठवण करून दिली. केलेलं काढून दाखवू नये, आई सांगायची. मी तसं दाखवलं नाही म्हणा, नुसतं पदर बाजूला करून दिसू दिलं.

चौघी एकच म्हणाल्या, "तुमचं लई हाय आमच्यावर ताई." ऐकून बरं वाटायला हवं होतं.

आनेकानं कुणाला फोन केला नाही. तिचं म्हणणं, आपण मध्ये पडायचंच नाही, त्या काय ठरवतील ते बरोबर. एवढी निश्चिंत कशी असू शकते? की तिला आधीच माहीत आहे?

४ मार्च, मंगळवार

मी!

सकाळी सरांचा फोन. "अभिनंदन. काल बायांनी तुझं नाव दिलं. सगळ्यांनी, एकमुखानं." एकमुखानं! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हसले. मग थोडी रडले. वि. नं दार वाजवलं, "पाणी जाईल." मी बाहेर येऊन त्याला सांगितलं तर तोही खूश झाला. संध्याकाळी पेढे आणले, आणि म्हणाला, "बघ, पिकतं तिथंही विकतं."

आनेकानं ऑफिसात मला मिठी मारली. तिचं तोंड उतरलेलं होतं, पण मिठी खरी होती. मला तिची कीव आली. कीव येणं किती छान वाटतं, हे विसरले होते.

सरांना होकार होळी झाल्यावर लेखी द्यायचा. लेखी कशाला, आत्ताच देते म्हटलं तर म्हणाले, पद्धत आहे.

५ मार्च, बुधवार

फोन करायलाच नको होता.

गोदाक्काला आभार मानायला केला. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवलात, मला फार बरं वाटलं. मग तिच्या त्या आवाजात:

"खरं सांगू का ताई? बायकांचं मन आनीकडं हुतं."

मी म्हटलं, मग?

"मग काय. तिला न्हाय म्हणलं तर ती दोन दिस गाल फुगवंल, परत चुलीम्होरं येऊन बसंल. घरची पोर. तुमास्नी कसं न्हाय म्हणायचं वो? बारा वरसं एवढ्या लांबनं येतासा. पावण्याला कुनी दारातनं माघारी लावतंय व्हय?"

तिनं हे मानानं सांगितलं. त्यात टोमणा नव्हता, हेच तर. टोमणा असता तर मी दोन शब्द ऐकवले असते.

मी विचारलं, म्हणजे बारा वर्षांत तुम्हाला नको असलेलं मी काही केलं का? "आता तुमीच इचारताय म्हणून. त्या मेणबत्त्या शिकवलासा. कुनाला पायजे हुत्या? पर तुमी पिशव्या भरून मेण घिऊन आलतासा. शिकलो की. अजून हाईत पेटीत. लाईट गेली की तुमची आठवण येती."

आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता: "ते आनीला हातचं चालत न्हाय म्हणलासा न्हवं, तसं ती काय म्हणली नव्हती. तिनंच हातवारे करून सांगितलं मागनं."

मग मला का नाही बोललात?

"पावण्याला खोटं कसं पाडायचं?"

पेढे अजून डब्यात आहेत.

७ मार्च, शुक्रवार

वि. ला आज सगळं सांगितलं, खोट्यासकट. पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाला, "तुला आजरा हवा होता, मिळाला. कसा मिळाला ते कशाला उकरतेस?" शहाणा आहे. गणितवाल्यांना उत्तर जुळलं की पुरतं.

मग म्हणाला, "कोंबडीला एवढी वर्षं बाया वर्गणी काढत असतील का गं?" मी म्हटलं, गप्प बस. पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता जाणार नाही.

आनेकाला म्हटलं, तुला माहीत होतं मी काय खोटं सांगितलं ते? म्हणाली, हो, जानेवारीतच कळलं. मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुझ्यामुळंच तर भाकरी मिळाली. आणि हसली. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर आम्ही बरोबरीच्या झालो असतो. ही मला त्यातही मागं टाकून गेली. मोठं मन असलेल्या माणसासारखं त्रासदायक काही नाही.

अजूनही जळते. कमी झालेलं नाही. उलट आपल्याकडं काय नाही ते आता नीट कळलंय, त्यामुळं जास्तच.

११ मार्च, मंगळवार

सरांचा निरोप, होकार शुक्रवारपर्यंत टेबलावर हवा. कागद समोर घेऊन बसले. 'मी शुभांगी' एवढं लिहून पेन चालेना.

हो म्हटलं तर आजरा मला मिळतो. पुढची सगळी वर्षं खुर्ची, टॉवेल, रस्सा, आणि मी जे नेईन ते त्या शिकणार. नाही म्हटलं तर वाडी आनेकाची, मी कळंब्याला, आणि रोज रिक्षात बसून आनेका आणि गोदाक्का आता काय करत असतील याचा विचार. दोन्हीकडं मीच हरते.

उद्या जाते. कुणाला न कळवता. फोन केला की कोंबडं धरलं जातं.

१२ मार्च, बुधवार. वाडी.

इथंच बसून लिहितेय. पर्समधलीच वही.

सकाळी चपाती-भाजीचा डबा भरला. वि. बघत होता. "डबा? आजऱ्याला? भांडलीस काय तिकडं?" म्हटलं, अजून नाही.

दुपारी पोचले. सारिका अंगणात मिरच्या वाळत घालत होती, ती उडालीच. आतून गोदाक्का आली, पिठाचे हात. माझ्या हातातला डबा बघितला, घेतला, फळीवर ठेवला. आणि दाराकडं बघून ओरडली, "सारिका, कोंबडं धर गं."

मी म्हटलं, "नको."

"असं कसं नगं? एवढ्या उन्नाचं आलासा."

"नको अक्का. मला नकोय."

बाहेर सारिका कोंबडं पंखाला धरून उभी. ते ओरडतंय. गोदाक्का माझ्याकडं बघत होती, डोळे बारीक करून, माल बघतात तशी.

"नगं म्हणतासा?"

"हो."

"पयल्यांदाच म्हणलासा."

बारा वर्षांत मी या घरात कशालाच नको म्हटलेलं नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. गोदाक्का आत जाऊन चुलीपुढं बसली, भाकरी थापायला घेतली. मी मागोमाग गेले, उभी राहिले. कुणी खुर्ची आणली नाही. सारिका कोंबडं सोडून दारात येऊन थांबली होती. धुरानं डोळे चुरचुरत होते. खाली बसले, जमिनीवर. साडीला राख लागली.

ती भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "तुमी नगं म्हणलासा. मग आता आमी बी म्हणावं का?"

"म्हणा."

"रुसशीला."

"रुसेन. म्हणा तरीपण."

तिनं भाकरी तव्यात टाकली, वर पाणी फिरवलं. हात झटकले, गुडघ्यावर हात टेकून उठली. "थांबा. मी एकलीनं म्हणायचं काम न्हाय हे. समद्यास्नी बोलावतो." सारिकाला घेऊन निघाली. उंबऱ्यातून मागं वळून म्हणाली, "तेवढी भाकरी बघा."

गेल्या दोघी.

चुलीपाशी मी एकटीच. इथून सोपा अर्धा दिसतो. भिंतीला लावलेली खुर्ची दिसते, तिच्यावर आज टॉवेल नाही. आनेकाला कधी कुणी एकटीला सोडून भाकरी बघायला सांगितली होती का? तिला विचारलं पाहिजे. नको, विचारत नाही. सांगितली असेल तर उगीच परत सुरू.

गल्लीतून बायांचे आवाज यायला लागले. बऱ्याच जणी दिसताहेत. गोदाक्काचा आवाज सगळ्यात वर, काय बोलतेय ते कळत नाही.

भाकरीवरचं पाणी सुकलं. उलटते.